सी मध्ये पुण्याचा एसटीडी कोड ०२० दिला तर १६ का छापतंय? लातूरला तर एररच येते

लातूरची_लेक:

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमा कॉम्प्युटर दुसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्ट म्हणून वाचनालयांची फोन डिरेक्टरी करतेय सी मध्ये, म्हणजे शहराचं नाव टाकलं की एसटीडी कोड आणि नंबर यायला पाहिजे. मोबाईलवरून टाईप करतेय म्हणून कोड पण देवनागरीतच लिहिते, समजून घ्या.

एक इंट अ‍ॅरे (पूर्ण आकड्यांची यादी) केलाय, त्यात पुणे ०२०, मुंबई ०२२, नागपूर ०७१२, कोल्हापूर ०२३१, सोलापूर ०२१७ असं ओळीने भरलं आणि प्रिंटएफला परसेंट डी देऊन छापलं तर पुणे १६ येतंय, मुंबई १८, नागपूर ४५८, कोल्हापूर १५३, सोलापूर १४३. आधी वाटलं गार्बेज व्हॅल्यू असेल, इंडेक्स चुकला असेल, पण दहा वेळा रन केलं तरी तेच आकडे, गार्बेज असतं तर कधीतरी बदललं असतं ना. मग आमच्या लातूरचा ०२३८२ टाकला तर कंपाईलच होईना, इनव्हॅलिड डिजिट ८ इन ऑक्टल कॉन्स्टंट म्हणतंय. मी कुठे ऑक्टल म्हटलंय त्याला? पंढरपूरच्या ०२१८६ ला पण तीच एरर. पण साताऱ्याचा ०२१६२ गपचूप घेतला आणि ११३८ छापलं.

नंबर सिस्टिम आम्हाला पेपरला आहे, भागत जायचं आणि बाकी खालून वर लिहायची, ते येतं मला. पण कोडमध्ये हे आकडे लिहायचे कसे आणि मुळात लिहायचे कशाला हे कुणी सांगितलंच नाही. खऱ्या कामात बायनरी, ऑक्टल, हेक्स यातलं काय कधी वापरतात? की नुसतं पेपरपुरतंच आहे हे? पुढच्या आठवड्यात एक्स्टर्नल (बाहेरच्या परीक्षकांची परीक्षा) आहे.

रात्रपाळी:

ताई, तुझा प्रोग्रॅम अगदी बरोबर चाललाय, फक्त तू लिहिलेला आकडा आणि कंपायलरने वाचलेला आकडा वेगळा आहे. सी मध्ये आकड्याच्या पुढे शून्य लावलं की तो ऑक्टल, म्हणजे पुस्तकात अष्टमान म्हणतात तो. ०२० म्हणजे दोन आठे, १६. ०२२ म्हणजे दोन आठे आणि वर दोन, १८. ०७१२ म्हणजे सात चौसष्ट ४४८, एक आठ, वर दोन, झाले ४५८. ऑक्टलमध्ये अंक फक्त ० ते ७, लातूर आणि पंढरपूरच्या कोडात ८ आहे म्हणून तो अडला, साताऱ्यात एकही ८ किंवा ९ नाही म्हणून घेतला. खरं सांगू, लातूरवर एरर आली ते फार बरं झालं, पुणे मुंबईच्याच कोडवर भागलं असतं तर हे एक्स्टर्नलसमोर कळलं असतं.

बाकीच्या खुणा पण आत्ताच बघून ठेव. ०एक्स लावलं की हेक्स (षोडशमान), म्हणजे ०एक्स२० हे ३२. ०बी लावलं की बायनरी, ०बी१०१०० म्हणजे २०. हे ०बी सी मध्ये जीसीसी या कंपायलरने बरीच वर्षं आधीपासून चालवून घेतलंय पण भाषेच्या स्टँडर्डमध्ये ते सी२३ मध्ये आलं, जावामध्ये २०११ च्या जावा ७ पासून आहे, सी++ मध्ये सी++१४ पासून. तुमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी असेल तर तिथे ०बी चालणार नाही.

आता हा शून्याचा फटका मला कसा बसला ते सांगतो, कारण तो तुझ्यापेक्षा वाईट होता, एररसुद्धा धड दिसत नव्हती. एका दूध संकलन केंद्राचं काम होतं, दर तासाला सर्व्हरवर एक बॅश स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांड ओळीने लिहिलेली फाईल) चालायची, डेट कमांडने तास काढायचा, त्यातून एक वजा करायचा आणि मागच्या तासाची बेरीज करून फाईल टाकायची. रोज सकाळी आठची आणि नऊची फाईल गायब. सहाची आहे, सातची आहे, दहाची आहे, या दोनच नाहीत, आणि नेमकी तीच गर्दीची वेळ. मी दहा वाजता येऊन हाताने स्क्रिप्ट चालवायचो, व्यवस्थित चालायची. नेटवर्कवर संशय घेतला, लाईट जाते का विचारलं, तिथल्या माणसाला उगाच बोललो. शेवटी एक दिवस मुद्दाम पावणेआठला जाऊन बसलो आणि आठ वाजता हाताने चालवली तेव्हा स्क्रीनवर आलं, व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस, आणि पुढे ०८. बॅशच्या गणितातसुद्धा पुढचं शून्य म्हणजे ऑक्टल, त्यामुळे ०७ पर्यंत सगळं ठीक, ०८ आणि ०९ ला बंद, १० ला परत चालू. महिना काढणाऱ्या स्क्रिप्ट अशाच ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये पडतात. उपाय एवढाच की व्हेरिएबलच्या आधी १० आणि हॅशची खूण लावायची, म्हणजे बॅशला स्पष्ट सांगितलं जातं की हे दहाच्या पायातच वाच.

तुझ्यासाठी उपाय: एसटीडी कोड कॅरेक्टर अ‍ॅरेमध्ये ठेव, म्हणजे स्ट्रिंग, डबल कोटमध्ये. बेरीज थोडीच करायची आहे त्याची.

चिकूवाडी:

स्ट्रिंगची काय गरज आहे, पुढचं शून्य काढून टाकायचं ना, २०, २२, ७१२ असं इंटमध्येच ठेवायचं आणि छापताना आधी एक शून्य छापायचं. सगळ्याच एसटीडी कोडच्या पुढे एकच शून्य असतं. मेमरी पण कमी लागते आणि शोधायला पण फास्ट.

रात्रपाळी:

@चिकूवाडी चालेल, आज चालेल. पण मग हे "छापताना शून्य लाव" प्रत्येक ठिकाणी लक्षात ठेवायला लागतं, रिपोर्टमध्ये, फाईलमध्ये, सर्चमध्ये, आणि पुढे त्याच पद्धतीने कुणी रोल नंबर ठेवला ००७ आणि ०१२ तर तिथे शून्य किती होती ते आकड्यातून परत मिळतच नाही. ज्याची बेरीज वजाबाकी करत नाही ते इंटमध्ये ठेवू नये हे माझं ठाम मत आहे. आपले पिनकोड शून्याने सुरू होत नाहीत म्हणून तिथे आपण वाचतो, एवढंच.

जुना_सीवाला:

हे शून्य आलं कुठून ते सांगितल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो, म्हणून लिहितो. सी च्या आधी बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांची बी नावाची भाषा होती, आणि ती ज्या मशीनवर सुरू झाली त्या पीडीपी-७ चा वर्ड, म्हणजे एका वेळी हाताळायचा तुकडा, १८ बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १). अठराचे तीन तीनचे गट पाडले की बरोबर सहा होतात, आणि तीन बिट म्हणजे ऑक्टलचा एक अंक. म्हणजे त्या लोकांना ऑक्टल रोज लागायचं, दिवसात शंभर वेळा लिहायचं ते, तेव्हा एक नुसतं शून्य ही सगळ्यात सुटसुटीत खूण होती. पुढे पीडीपी-११ आलं, १६ बिटांचं, पण त्याच्या इन्स्ट्रक्शनमध्ये रजिस्टर आठ आणि अ‍ॅड्रेसिंग मोड पण आठ, म्हणजे परत तीन तीन बिट, मग ऑक्टल राहिलंच. डेनिस रिची यांनी सी केली तेव्हा खूण तशीच आत आली. तिकडे आयबीएमचं सिस्टिम ३६० आलं १९६४ मध्ये, ८ बिटांची बाईट घेऊन, आठाचे चार चारचे दोन गट पडतात म्हणून तिथे हेक्स, आणि पुढे आठ बिटांची बाईटच सगळीकडे झाली तसं हेक्स जिंकलं.

सुरुवातीच्या सी मध्ये तर ऑक्टलमध्ये ८ आणि ९ पण चालायचे! ०१९ लिहिलं तर एक आठ अधिक नऊ म्हणून १७ धरायचा. १९८९ च्या स्टँडर्डमध्ये ते बंद झालं, म्हणून तुला लातूरला एरर मिळाली.

नंतरच्या भाषांनी ही खूण हळूहळू सोडली. पायथन ३ मध्ये ०२० लिहिलं तर चालतच नाही, सरळ सांगतो की ऑक्टल हवा तर शून्य आणि ओ लाव, म्हणजे ०ओ२०. जावास्क्रिप्टने २०१५ मध्ये ०ओ आणि ०बी घेतलं, गो ने २०१९ च्या १.१३ मध्ये, पीएचपीने ०ओ ८.१ मध्ये. सी शार्पने तर ऑक्टल लिहायची सोयच ठेवली नाही. रस्टमध्ये ०१० म्हणजे साधे दहा. जावास्क्रिप्टच्या ढिल्या मोडमध्ये अजून गंमत अशी की तुझा पुण्याचा ०२० तिथे १६ होईल पण लातूरचा ०२३८२ मात्र गपचूप २३८२ होईल कारण त्यात ८ आहे म्हणून तो ऑक्टल नसणार असं ते धरतं. एकाच अ‍ॅरेमध्ये दोन शेजारी शहरं दोन वेगळ्या पायात. मला विचाराल तर सी ची एरर हजारपट चांगली.

नेटवर्कवाल्यांनी पण ऐका, आयपी अ‍ॅड्रेस सरळ रांगेत दिसावेत म्हणून १९२.१६८.०१०.००१ असं लिहायची सवय काहींना असते. बऱ्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये तो ०१० ऑक्टल धरला जातो आणि तुम्ही १९२.१६८.८.१ ला जाऊन पोचता.

लातूरची_लेक:

रात्रपाळी दादा, जुना सर, खूप खूप धन्यवाद, स्ट्रिंग केलं आणि सगळी शहरं बरोबर आली. लातूर पण. आता दुसरा अर्धा प्रश्न: मग आज ऑक्टलचं काम काय? आणि हेक्स, बायनरी कधी? एक्स्टर्नल हे नक्की विचारतात म्हणे.

रात्रपाळी:

ऑक्टलचं आज एकच मोठं घर उरलंय, लिनक्सच्या फाईल परमिशन. वाचणे, लिहिणे, चालवणे, तीन परवानग्या, तीन बिट, म्हणून एक अंक, आणि मालक, ग्रुप, बाकीचे असे तीन अंक. ६४४ म्हणजे मालकाला वाचता लिहिता येतं, बाकी दोघांना फक्त वाचता.

टर्मिनलवर चमॉड ६४४ लिहितो तेव्हा ती कमांड स्वतःच ऑक्टल धरते. पण पायथनमध्ये ओएस डॉट चमॉडला तू नुसतं ६४४ दिलंस तर तो साधा दशमान सहाशे चव्वेचाळीस झाला. तो ऑक्टलमध्ये लिही बघू: ५१२ एकदा, राहिले १३२, त्यात ६४ दोनदा, राहिले ४, आठ एकही नाही, वर ४. म्हणजे १२०४. पहिला १ म्हणजे स्टिकी बिट, ते सोड. मालकाला २, म्हणजे फक्त लिहिता येतं, वाचता येत नाही. ग्रुपला ०. बाकीच्या जगाला ४, म्हणजे वाचता येतं! ज्याची फाईल त्यालाच उघडत नाही आणि परका येऊन वाचतोय. आमच्याकडे एका नवीन मुलाने हे केलं होतं आणि तो दुपारभर फाईल खराब झाली, फाईल खराब झाली म्हणत होता, फाईलला काहीही झालं नव्हतं. ०ओ६४४ लिहिलं की झालं.

सोल्डरगन:

माझा धंदा मायक्रोकंट्रोलरचा, म्हणून बायनरी कुठे लागतं ते मी सांगतो. सेव्हन सेगमेंट डिस्प्ले घे, लिफ्टमध्ये मजला दाखवतो तो. सात पट्ट्या, ए पासून जी पर्यंत, ए ला सगळ्यात उजवीकडचा बिट. शून्य दाखवायचं तर मधली आडवी जी सोडून सगळ्या पेटवायच्या, म्हणून ०बी००१११११११ नाही, थांब, एक एक जास्त पडला बघ, ०बी००१११११. बरोबर आठ अंक पाहिजेत: ०, ०, मग सहा वेळा १. हेच हेक्समध्ये ०एक्स३एफ. एक दाखवायचा तर उजवीकडच्या दोन उभ्या पट्ट्या, बी आणि सी, ०बी०००००११०, हेक्समध्ये ०एक्स०६. दोनला ०एक्स५बी, आठला सगळ्या सात, ०एक्स७एफ.

बायनरीत कुठली पट्टी पेटली ते डोळ्याला दिसतं, पण मी वर काय घोळ घातला तो मुद्दाम खोडत नाही, कारण प्रत्यक्षात हेच होतं, एक अंक कमी जास्त पडतो आणि पत्ता लागत नाही. आत्तासुद्धा दुसऱ्यांदा लिहिलेल्यात मोजलं तर एक कमी भरतोय, बरोबर तो ०बी००११११११. म्हणून नवीन भाषांमध्ये मध्ये खूण टाकायची सोय आहे, जावा, पायथन, गो मध्ये अंडरस्कोर, सी++१४ मध्ये आणि सी२३ मध्ये अवतरणातलं एकेरी चिन्ह, म्हणजे चार चारचे गट पाडून ०बी००११_११११ असं लिहिता येतं. नसेल तर हेक्स लिहायचं आणि शेजारी कॉमेंटमध्ये पट्ट्यांची नावं. हेक्सचा एक अंक म्हणजे बरोबर चार बिट, ३ म्हणजे ००११, एफ म्हणजे ११११, भागाकार वगैरे काही लागत नाही, सोळा जोड्या आठवड्याभरात पाठ होतात. पेपरमध्ये तो दशमानातून फिरून जायचा रस्ता शिकवतात त्यामुळे पोरांना वाटतं हे अवघड आहे.

आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं किट तुम्हाला असेल तर एक गोष्ट लॅबमध्ये करून बघच. किटवर सगळं हेक्समध्ये टाकतो आपण, मूव्ह ए कॉमा बी चा ऑपकोड (इन्स्ट्रक्शनचा आकडा) ७८, आणि पोरं तो तक्ता पाठ करतात किंवा बघून बघून टाकतात. तोच ७८ बायनरीत लिही, ०१ १११ ०००. तीन तीनचे गट पाड, म्हणजे ऑक्टलमध्ये १७०. एक म्हणजे मूव्ह, ७ म्हणजे ए रजिस्टर, ० म्हणजे बी रजिस्टर. बी ०, सी १, डी २, ई ३, एच ४, एल ५, मेमरी ६, ए ७. आता मूव्ह सी कॉमा डी चा कोड तक्ता न बघता सांग: ऑक्टल ११२, बायनरी ०१ ००१ ०१०, हेक्स ४ए. तक्त्यात तपासून बघ, तेच आहे. आणि मेमरीतून मेमरीत मूव्ह, ऑक्टल १६६, हेक्समध्ये ७६, तो तक्त्यात मूव्ह म्हणून नाहीच, तिथे हॉल्ट बसलाय! मला हे शिकवलं नव्हतं कुणी, नोकरी लागल्यावर कितीतरी वर्षांनी एकदा सहज ऑक्टलमध्ये लिहून बघितलं आणि सगळा तक्ता समोर उलगडला, त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं की दोन वर्षं तो नुसता पाठ केला.

एक्स्टर्नलला हेच सांग: बिटांचे गट जिथे तुटतात त्याप्रमाणे पाया निवडायचा. एकेक बिट महत्त्वाचा तर बायनरी, तीनचे गट तर ऑक्टल, चारचे किंवा आठचे तर हेक्स.

अक्षरजुळणी:

हेक्सचं मराठीतलं उदाहरण कुणीच दिलं नाही! आपली देवनागरी युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यात बसते, १२८ जागा. दशमानात तेच २३०४ ते २४३१, काही लक्षात राहील का? हेक्समध्ये बघितलं की ०९ दिसलं आणि पुढचा अंक ७ किंवा कमी दिसला की देवनागरी, संपलं. आपला ळ ०९३३. मराठी आकडे ०९६६ पासून ०९६एफ पर्यंत, म्हणजे ९ या अक्षराच्या कोडमधून ०एक्स०९६६ वजा केलं की थेट किंमत मिळते.

आणि फाईल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाईटमध्ये साठवायची पद्धत) असेल तर हेक्स डंप काढून बघ एकदा, नुसता "मराठी" शब्द लिहून. म चे ई० ए४ एई, र चे ई० ए४ बी०, काना ई० ए४ बीई, ठ ई० ए४ ए०, दुसरी वेलांटी ई० ए५ ८०. पंधरा बाईट. सगळीकडे ई० ए४ नाहीतर ई० ए५. कधी मराठी मजकूर बिघडून येतो तेव्हा मात्रा दिलेला इंग्रजी ए आणि चार काटे असलेलं गोल चिन्ह पानभर परत परत दिसतं ना, ते हेच, ई० आणि ए४ वेगळ्या एन्कोडिंगने वाचलेले. मला आता तो कचरा बघूनच कळतं की खाली मराठी शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकतोय, कितीतरी लोकांनी असा मजकूर गेला म्हणून परत टाईप केलेला मी बघितलाय.

लातूरची_लेक:

मूव्ह सी कॉमा डी खरंच ४ए निघाला, आत्ता वहीत बघितलं!! मैत्रिणीला पण दाखवलं.

शेवटचा एक प्रश्न, याच्याशी संबंध आहे का माहीत नाही. प्रोजेक्टमध्ये वाचनालयाचा क्रमांक तीन अंकी टाकायचा असतो. ०१२ टाकलं तर दहावं वाचनालय उघडतं. आणि ०४८ टाकलं तर चार नंबरचं वाचनालय दाखवून प्रोग्रॅम आपोआप बंद होतो. माझ्या मेनूत ८ म्हणजे बाहेर पडा आहे. इथे तर मी कोडमध्ये काही लिहिलेलं नाही, यूझर टाईप करतोय.

जुना_सीवाला:

स्कॅनएफमध्ये (यूझरने टाईप केलेलं वाचतो तो) परसेंट आय लिहिलंयस का? प्रिंटएफमध्ये डी आणि आय सारखेच, स्कॅनएफमध्ये नाहीत. डी नेहमी दशमान वाचतो. आय मात्र कोडसारखाच वागतो, पुढे शून्य दिसलं की ऑक्टल, ०एक्स दिसलं की हेक्स. ०१२ चे १० झाले ते त्यामुळे. आणि ०४८ मध्ये त्याने ०४ पर्यंत वाचलं, ८ ऑक्टलमध्ये बसत नाही म्हणून तिथे थांबला, चार नंबर दाखवला, आणि तो उरलेला ८ बफरमध्येच (टाईप केलेलं वाचलं जाईपर्यंत थांबतं ती जागा) पडून राहिला. पुढचा स्कॅनएफ तुझ्या मेनूचा, त्याने तो ८ उचलला.

लातूरची_लेक:

हो सर, आयच होता, दोन्ही सारखेच म्हणून सांगितलं होतं मला. डी केलं. ०४८ ला अठ्ठेचाळीसावं वाचनालय उघडलं आणि मेनू बंद न होता माझ्या उत्तरासाठी थांबला.